ऑफिस पाहायला आलेले पाहुणे

आमच्या वऱ्हाडात सोयरीक पक्की करण्याआधी मुलीकडचे लोक मुलाचं घर पाहून येतात. घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. विहिरीला पाणी किती, अंगण झाडलेलं आहे का, शेजारी काय बोलतो, पाहुण्याला पाण्याचा गडवा कोण आणून देतं, हे सगळं त्यात आलं. माझ्या लग्नाच्या वेळी वडील आणि काका असेच जाऊन आले. आल्यावर आईने विचारलं, कसं आहे घर? वडील म्हणाले, सासू मोठ्याने हसते. तेवढ्यावर माझं लग्न ठरलं, आणि सासूबाई अजूनही मोठ्याने हसतात, त्यामुळे वडिलांच्या पाहणीला मी नाव ठेवू शकत नाही.

पण मुलाचं ऑफिस पाहायला कोणी पाहुणे आल्याचं मी अमरावतीत नोकरीला लागेपर्यंत ऐकलं नव्हतं. त्यांना बोलावलं आमच्या सरांनी, आणि तेही पगारवाढ द्यावी लागू नये म्हणून.

मी राहते अकोल्यात, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात. नोकरी अमरावतीला. सकाळच्या गाडीने बडनेरा, तिथून ऑटो. या प्रकाराला आमच्याकडे अप-डाउन म्हणतात, आणि अप-डाउन करणाऱ्या माणसाला कोणी लग्नाचं आमंत्रण दिलं तर आधी गाडीची वेळ पाहून सांगतो असं उत्तर येतं. आमचं ऑफिस सॉफ्टवेअरचं. ऑस्ट्रेलियातल्या दातांच्या दवाखान्यांना पेशंटच्या वेळा ठरवण्यासाठी जे लागतं ते आम्ही बनवतो आणि सांभाळतो. तीसेक माणसं. माणसं शोधायची, ठेवायची, आणि गेली की पुन्हा शोधायची, हे माझं काम.

हे काम अमरावतीत किती कठीण आहे ते पुण्याच्या माणसाला सांगून कळणार नाही. आमच्या जिल्ह्यात इंजिनिअर भरपूर पिकतात. त्यातले चांगले शेवटच्या परीक्षेआधीच पुण्याला किंवा हैदराबादला लागलेले असतात. आमच्याकडे येतात ते ज्यांची आई सोडत नाही ते, किंवा जे एकदा जाऊन कंटाळून परत आलेत ते. मुलाखतीला मुलाबरोबर वडील येतात. मुलगा आत बोलतो आणि वडील बाहेर माझ्यापाशी बसून विचारतात, पुण्याले किती भेटते? मी खरं सांगते. तुमी किती देता? मी तेही खरं सांगते. मग वडील पंख्याकडे पाहत राहतात.

त्या वेळी माझं भाषण सुरू होतं. घरभाडं नाही, घरचा डबा, ट्रॅफिक नाही, संध्याकाळी आईबापाचं तोंड दिसतं. आणि ऑफिसात आपलं कल्चर आहे. कल्चर हा शब्द सरांचा. सर मूळचे अमरावतीचेच. बरीच वर्षं बंगळुरूला एका भल्या मोठ्या कंपनीत होते. तिथे शेजारच्या खुर्चीवरचा माणूस वारला तरी यांना आठवड्याने कळलं, असं ते सांगायचे. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की आपलं ऑफिस काढायचं आणि ते घरासारखं चालवायचं. सरांवर मी पुष्कळदा चिडते, पण या बाबतीत ते ढोंगी नाहीत. कोणाच्या आईचं ऑपरेशन आहे, कोणाच्या बहिणीची परीक्षा आहे, हे त्यांना ठाऊक असायचं. ते दवाखान्यात स्वतः जायचे, आणि रिकाम्या हाताने कधी गेले नाहीत. एक वाजता सगळ्या ऑफिसचे डबे एका लांब टेबलावर उघडले जायचे आणि कोणाचा डबा कोण खातो याचा हिशेब कोणी ठेवत नव्हतं. मला ते आवडायचं. अजूनही आवडतं.

आता त्या मुलाबद्दल सांगते. मुलगा म्हणजे तिशी ओलांडलेला माणूस, पण लग्न झालं नाही तोवर आमच्याकडे मुलगाच. पातूरचा. वडिलांची थोडी शेती, घरी आई. अमरावतीला खोली करून राहायचा. चार वर्षांपूर्वी मीच त्याला घेतलं होतं. मुलाखतीत तो इतका कमी बोलला की सर म्हणाले, याला कामाचं काही येतं का विचारून घ्या. येत होतं. वर्षभरात असं झालं की ज्याचं काम अडलं तो उठून त्याच्या खुर्चीपाशी जायचा. तो आपलं काम बाजूला सारायचा आणि त्याचं पाहायचा. नवीन आलेल्यांना शिकवायचं कोणी? तो. परदेशातून फोन आला आणि समोरचा तडकला असेल तर बोलायचं कोणी? तो. त्याच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा त्याला दादा म्हणायची. मला तो ताई म्हणायचा. मला ऑफिसात ताई म्हणणारा तो एकटाच, बाकी सगळ्यांची मी मॅडम.

त्याचं लग्न जमत नव्हतं. आजकाल आमच्याकडे मुलगा अमरावतीत सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, पुण्याले कधी जाणार? जणू इथली नोकरी म्हणजे गाडी येईपर्यंत फलाटावर बसणं. दोन-तीन स्थळं याच प्रश्नापाशी थांबली. मग शेंदूरजनाघाटचं एक स्थळ आलं. मुलीच्या वडिलांच्या संत्र्याच्या बागा, शिवाय संत्र्याचा व्यापार. मुलगी पुण्यात मोठ्या कंपनीत, आमच्याच सॉफ्टवेअरच्या धंद्यातली. तिचा पगार याच्या दुपटीहून जास्त. आणि नवल म्हणजे तिला पुणं सोडून वऱ्हाडात परत यायचं होतं. अमरावतीत राहणारा मुलगा हवा, अशी तिचीच अट होती. तिकडचे लोक पातूरला जाऊन घर पाहून आले. घर पसंत पडलं. अडलं ते पगारापाशी. माझी पोरगी एवढं सोडून येते आणि जावई तिच्या निम्मं कमावतो, हे लोकांना कसं सांगू, असं तिच्या वडिलांचं म्हणणं.

तो सरांच्या केबिनमध्ये आला तेव्हा मी तिथेच होते. उभ्यानेच म्हणाला, "सर, पगाराचं काही होईन का?"

सरांनी त्याला बसवलं, चहा मागवला. या वर्षी कसं जमणार नाही ते समजावलं. मी मध्ये बोलले की याच्यासाठी जमवायला पाहिजे. हे मी त्याआधीही बोलले होते. सर म्हणाले, मार्चनंतर नक्की पाहू. मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"त्यांना इथं घेऊन ये," ते म्हणाले. "ऑफिस पाहू दे. पगार म्हणजे आकडा रे. इथं माणसं कशी राहतात ते पाहिलं ना, तर तो माणूस आकडा विसरून जाईल."

"सर, ते घर पाहून आले," तो म्हणाला. "ऑफिसात काय पाहाले येतीन?"

"आपलं कल्चर," सर म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं.

पाहुणे यायला कबूल झाले. मुलगी आठवडाभराच्या रजेवर घरी आली होती, तीही येणार होती. सरांचा हुकूम असा की काही सजवायचं नाही, आहे तसं दाखवायचं. तो हुकूम दोन दिवसही टिकला नाही. कूलर झाला, पडदे झाले, जिन्यातल्या पिचकाऱ्यांवर चुना झाला. मग जेवणाचा विषय निघाला आणि ऑफिसात जे सुरू झालं ते घरच्या कार्यातही होत नाही. पाटवडीचा रस्सा कोणाच्या घरून येणार यावर दोन माणसं दिवसभर एकमेकांशी बोलली नाहीत. कढी-गोळे एकीने आधीच आपल्याकडे घेतले होते. दादाचे पाहुणे म्हणजे आपले पाहुणे, यात कोणाला शंका नव्हती. त्यांचं ते प्रेम खरं होतं, हे मी पुन्हा सांगते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की ती माणसं वाईट होती.

ठरला गुरुवार. सरांचा गुरुवारवर विश्वास. मी म्हटलं, सर, त्याच दिवशी दवाखान्यांसाठी नवीन बदल चालू करायचेत, काहीतरी अडणारच. सर म्हणाले, "दादा आहे ना." आमच्या ऑफिसात कुठल्याही प्रश्नाला हे उत्तर चालायचं.

पाहुणे अकराच्या सुमारास आले. वडील पांढऱ्या शर्टात, रुंद, सावकाश चालणारे. गाडीतून त्यांनी संत्र्यांचे दोन कॅरेट उतरवायला लावले आणि नमस्कार करायच्या आधी सगळ्यांना संत्री वाटायला सांगितली. मुलगी साध्या कुर्त्यात, पाठीला लॅपटॉपची बॅग. स्वतःच्या सोयरिकीच्या कामाला लॅपटॉप घेऊन आलेली मुलगी मी पहिल्यांदा पाहिली. "रजेवर हाये, पण फोन येऊ शकते," ती मला म्हणाली, आणि ओशाळं हसली.

तो येऊन दोघांना भेटला. वाकून नमस्कार केला. मुलीशी दोन शब्द बोलला, काय ते मला ऐकू आलं नाही, पण दोघंही हसली. चहा अर्धा झाला होता तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीतून हाक आली. नवीन बदल चालू केल्याबरोबर तिकडच्या दवाखान्यांत एकाच खुर्चीवर, एकाच वेळेला दोन-दोन पेशंट पडले होते. तिकडे दिवस संपत आला होता आणि दुसऱ्या दिवशीची सगळी यादी गोंधळली होती. "पाच मिनिटांत येतो," असं म्हणून तो आत गेला आणि दार लोटलं गेलं.

सरांनी पाहुण्यांना ऑफिस दाखवलं. मुलीच्या वडिलांचं पाहणं मात्र त्यांचं त्यांचं होतं. पडद्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. जनरेटर पाहिला, पाण्याची टाकी पाहिली, बायकांसाठी वेगळी सोय आहे का ते मला हळूच विचारलं. एका मुलाच्या खुर्चीमागे उभे राहून त्यांनी कम्प्युटरवरच्या ओळी बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाले, "हे रोज नवं लिहा लागते का जुनंच दुरुस्त करा लागते?" मुलगा म्हणाला, बहुतेक जुनंच. "आमचंबी तसंच," ते म्हणाले आणि पुढे गेले.

एक वाजला. टेबल मांडलं गेलं. आमच्याकडे पाहुणा जेवत असताना यजमानाने उठायचं नसतं, आणि त्या दिवशी सगळं ऑफिस यजमान होतं. तो सोडून सगळी माणसं टेबलाभोवती. आतून एकदा फोनची घंटा आली तेव्हा दोघं-तिघं अर्धवट उठले. सरांनी हातानेच बसवलं. "जेवा रे. दादा आहे ना आत."

मुलीच्या वडिलांनी भाकरी मोडली, रस्सा चाखला, मान हलवली, आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"पोरगा नाही दिसून राहिला," ते म्हणाले.

"काम करतोय," सर म्हणाले. आणि मग त्यांना राहवलं नाही. मुलाचं कौतुक करायची याहून चांगली वेळ कोणती? "काय सांगू तुम्हाला. चार वर्षांत या मुलाने एक रजा घेतलेली नाही. ताप असला तरी येतो. असा माणूस पुण्यात दिवा घेऊन शोधा, मिळणार नाही."

"दिवाळीले?" मुलीने विचारलं.

"दिवाळीलासुद्धा लॅपटॉप घेऊन पातूरला जातो," सर म्हणाले, आणि टेबलावर हशा पिकला. तो हशा मायेचा होता. मग एकेकाला जोर चढला. एक म्हणाला, माझं काम रविवारी अडलं तर दादा खोलीवर येऊन करून गेला. दुसरी म्हणाली, मी बाळंतपणाच्या रजेवर होते तेव्हा माझं सगळं काम दादानेच उचललं, वर कोणाला सांगितलंही नाही. तिसरा म्हणाला, चुलतभावाच्या हळदीत दादा मांडवामागे बसून माझ्याशी फोनवर बोलत होता. प्रत्येक जण आपापली भेट ठेवावी तशी आपली गोष्ट ठेवत होता. मुलगी सगळ्यांचं ऐकत होती. तिचा हात ताटातच थांबला होता.

"मंग ते स्वतःचं काम कधी करते?" तिने विचारलं. हसण्यात ते कोणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

तिचे वडील मात्र खूश झाले होते. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि सरांना सरळ विचारलं, "म्हणजे एवढे जण जेवून राहिले अन् एकटा काम करून राहिला. मंग त्याले एवढंच कावून देता तुमी?"

सरांचे कान लाल झाले. आमचे सर मनाने मोठे, फक्त त्यांना ते वेळेवर आठवत नाही. ते म्हणाले, "एक तारखेपासून पुण्याएवढा देतो. सगळ्यांसमोर सांगतो." टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या. मला इतका आनंद झाला की मी कढी वाढायला उठले आणि नको म्हणणाऱ्यालाही वाढली. मुलीचे वडील म्हणाले, "मंग जमलं समजा." टेबलावरच्या अर्ध्या लोकांनी तेवढ्यात मनातल्या मनात अक्षता टाकल्या असतील.

मुलगी हात धुवायला उठली. मी टॉवेल घेऊन मागे गेले.

"मॅडम, ते जेवतीन कधी?" तिने विचारलं.

"जेवेल ना. त्याचं वाढून ठेवते मी."

ती हात पुसत राहिली. मग म्हणाली, "आमच्या कंपनीत पगार हाये, पण तिथं कोणी कोणाचं नाही. मी दुपारी कम्प्युटरसमोर बिस्किटं खाते. इथं तर सगळे त्यांचेच हाये. तरीबी माहं अन् त्यांचं, दोघांचंबी जेवण राहतेच."

मी टॉवेल घडी करून खुंटीला लावला.

जाताना तो गाडीपर्यंत आला. एका कानाला फोन. वडिलांच्या पाया पडताना त्याने फोन क्षणभर छातीशी धरला आणि मग पुन्हा कानाला लावला. मुलीने गाडीच्या काचेतून त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात हलवला, पण तो बोलत होता दुसऱ्याशी.

शनिवारी तिच्या वडिलांचा सरांना फोन आला. सरांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला, त्यांना वाटलं तारीख ठरवायला आहे. मुलीचे वडील फार अवघडून बोलत होते. "पोरगा सोन्यासारखा हाये. पगाराचंबी तुमी मार्गी लावलं. मले सगळं पसंत हाये. पण पोरगी नाही म्हणते. कावून नाही म्हणते ते मलेच समजून नाही राहिलं, तर तुमाले काय सांगू?"

ऑफिसात ही बातमी पसरली तेव्हा आधी सगळे हळहळले आणि मग रागावले. पुण्याचं पाणी लागलं तिला. एवढा मान दिला, एवढं जेवू घातलं. तिला पैशेवालाच पाहिजे असेल. हे ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, पैशाचं तिने काढलं नव्हतं, तिच्या वडिलांनी काढलं होतं. तिने फक्त तो जेवतो कधी एवढं विचारलं, आणि त्याचं उत्तर आपल्यापैकी कोणाकडे नव्हतं. माझं म्हणणं कोणाला पटलं असं दिसलं नाही. तो आपल्या खुर्चीत होता. त्याच्याशेजारी एक जण आपला लॅपटॉप उघडून उभा होता, आणि तो त्याचं पाहत होता.

नवीन पगाराचा पहिला महिना झाला, दुसरा झाला. मग एका दुपारी तो माझ्यापाशी येऊन बसला. टेबलावर दोन्ही हात ठेवले. मला वाटलं, घरी काही झालं.

"ताई, मी सोडून राहिलो," तो म्हणाला.

मी विचारलं, कुठे? पुण्याला. किती देतात? त्याने सांगितलं. इथे आता मिळत होता तेवढाच. वर तिथे घरभाडं.

"अरे बाप्पा, मग कायले चालला तू?" माझ्या तोंडून अकोल्याचं आलं. "पगार तेवढाच. इथं सगळे जीव टाकतात तुझ्यावर."

तो बराच वेळ बोलला. चार वर्षांत इतकं सलग बोलताना मी त्याला ऐकलं नव्हतं. त्याने त्या मुलीला फोन केला होता. विचारलं होतं की माझ्यात काय कमी पाहिलं. ती म्हणाली, तुमच्यात खोट नाही, पण मी दोन ताटं वाढून कोणाची वाट पाहू? तो म्हणाला, मी बदलतो. ती म्हणाली, बदलून पाहा, मंग सांगजा. तर त्याने बदलून पाहिलं होतं. रोज एक वाजता उठायचं, सहाला घरी जायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

"नाही जमलं, ताई. अन् कोणी जबरदस्ती करत नाही, तेच तर. पोट्टे गोड हाये. सर देवमाणूस हाये. कोणी दादा म्हणून हाक मारली का मीच उठतो. त्याइले नाही म्हणायले माही जीभच उचलत नाही. तिथं मी कोणाचा दादा नाही. तिथं सहा वाजता उठलो तर कोणाले वाईट वाटणार नाही."

मी माणसं ठेवण्याचं काम करते. ठेवण्यासाठी माझ्याकडे दोनच गोष्टी असतात, पगार आणि माया. त्याला आता दोन्ही मिळत होतं, आणि मायेमुळेच तो चालला होता. मला फार वाईट वाटलं. त्याच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

सरांना ते जिव्हारी लागलं. पगार दिला, घरासारखं ठेवलं, अजून काय द्यायचं, असं ते मला दोनदा म्हणाले. मग अजून पगार वाढवून देतो म्हणाले. तो हात जोडून नको म्हणाला, आणि मला वाटतं या ऑफिसातलं ते त्याचं पहिलंच नको. त्या दोघांचं लग्न पुढे झालं. रजेनंतर ती पुण्यातच होती, तिथेच रविवारी जेवायला भेटत त्यांनी आपलं आपण ठरवलं, आणि वडिलांना कारण तेव्हाही समजलं नाही. लग्नाला आम्ही झाडून सगळे गेलो. पण मला जास्त आठवतो तो त्याचा ऑफिसातला शेवटचा दिवस.

त्या दिवशी सरांनी सगळ्यांना बजावलं होतं की दादाला हाक मारायची नाही. एक वाजता तो येऊन टेबलावर बसला, मधल्या खुर्चीत. आतला फोन वाजला तेव्हा दुसरे दोघं उठून गेले. जो तो आपल्या डब्यातलं त्याच्या ताटात वाढत होता. पाटवडीचा रस्सा होता, लाल तर्रीचा. मिरचीचा ठेचा होता. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि ताकात बुडवला. पुन्हा ताकात. मी म्हटलं, अरे, रस्सा घे ना, तुझ्यासाठी आणलाय.

"तिखट बंद हाये, ताई," तो म्हणाला. "अल्सर हाये ना. डॉक्टरनं दोन वर्षं झाली बंद केलं."

बाहेर ऊन आहे म्हणावं, तसं त्याने ते सांगितलं.

सर त्याच्या ताटाकडे पाहत राहिले. "मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

सांगणार कोण होतं? कोणाच्या आईचं ऑपरेशन आहे, कोणाच्या बहिणीची परीक्षा आहे, हे रोज संध्याकाळी केबिनच्या दारात उभं राहून सरांना सांगणारा तोच होता.